आमच्या टेबलावरची पिपेट

"तिला कशाला हवी पिपेट? मुलांची तोंडं लागलेली असतात त्या नळीला," माझ्या शेजारची मुलगी मागच्या टेबलावरच्या मैत्रिणीला म्हणाली. हळूच म्हणाली, पण मला ऐकू आलं. पिपेटकडे गेलेला हात मी मागे घेतला आणि उगीच स्टँडवरची ब्युरेट, ती मापाच्या रेषांची उभी नळी, पुसत राहिले.

तेव्हा पिपेट तोंडानंच ओढायची. काचेच्या लांब नळीचं एक टोक द्रावणात, दुसरं ओठांत. खुणेच्या थोडं वर ओढायचं, पटकन बोट दाबायचं, मग सावकाश खुणेपर्यंत उतरवायचं. एका टेबलाला एक पिपेट आणि आम्ही चौघं, दोन मुलगे, दोन मुली. मुलांचं उष्टं मुलींनी तोंडात कसं घ्यायचं? आणि मुलीनंतर एखाद्या मुलानं घेतलं असतं, तर वर्षभर त्याला चिडवलं असतं. असा नियम कुणी केला नव्हता. पण अकरावीच्या पहिल्या प्रॅक्टिकलपासून मुलगे पिपेट ओढत आणि आम्ही ब्युरेटचं रीडिंग घेत होतो. सरांनाही ते सोयीचं होतं. टेबलं शांत राहायची.

दहावीपर्यंत मी मुलींच्या इंग्रजी शाळेत होते. तिथे केमिस्ट्री म्हणजे बाई करतील ते लांबून बघणं. पुढे या शाळेत यायचा हट्ट मी धरला तो स्वतःच्या हातानं काही करायला मिळेल म्हणून. आता बारावी अर्धी सरली होती. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाला एकट्यानं सगळं करावं लागणार होतं, आणि माझ्या ओठांना पिपेट एकदाही लागली नव्हती.

आमच्या घरामागे पपईचं झाड होतं. त्याच्या पानाचा देठ पोकळ असतो. तो तोडून मी बादलीतलं पाणी ओढून बघायची, वर बोट धरायची. देठाच्या चिकानं ओठ चुरचुरायचे.

"हे काय चाललंय?" आई विचारायची.

"प्रॅक्टिकलचा अभ्यास."

"मग शाळेत काय करता?"

मी देठ पुन्हा बादलीत बुडवायची.

त्या दिवशीही पिपेट आमच्या टेबलावरच्या उंच मुलाकडेच होती. तो मखमलाबादकडून सायकलवर यायचा, सकाळी झेंडूच्या पाट्या बाजारात उतरवून. मुलगा वाईट नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्टीची घाई. पिपेट रिकामी झाली की टोकाशी एक थेंब उरतो. तो तसाच राहू द्यायचा असतो, कारण तो वगळूनच पिपेटचं माप ठरवलेलं असतं. हा कधी तो थेंब फुंकून फ्लास्कमध्ये पाडायचा, कधी विसरायचा. साहजिकच ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना फ्लास्कमध्ये गुलाबी रंग दर वेळी वेगळ्या रीडिंगला यायचा. मला ते कित्येक आठवडे दिसत होतं.

"पुन्हा वेगळं आलं," मी म्हणाले.

"लय बारीक बघता तुम्ही मॅडम. मघाचंच लिहून टाका ना."

तेवढ्यात सर आले. त्यांनी आमची तिन्ही रीडिंग पाहिली.

"एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. वाचतंय कोण?"

उंच मुलानं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं.

"डोळा रेषेच्या समोर ठेवायचा. तुमच्या इंग्रजी शाळेत एवढंही शिकवलं नाही?"

मागच्या टेबलावर कुणीतरी हसलं. माझं नेहमी असंच व्हायचं. वाक्य डोक्यात इंग्रजीत तयार असायचं, ते मराठीत जुळवेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. आताही सर वळलेच होते. जाता जाता ते शेजारच्या मुलीला म्हणाले, "आता रीडिंग तू घे. हिला नुसतं लिहू दे."

ती ब्युरेटपाशी सरकली आणि मी बाजूला झाले. उंच मुलानं पिपेट भरली, फ्लास्कवर धरली, रिकामी केली आणि गाल फुगवून शेवटचा थेंब आत फुंकला.

"सर," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा बराच मोठा आला. "मी बरोबर वाचत होते. हा शेवटचा थेंब फुंकतो. ती पिपेट मला द्या, मी धुऊन घेते आणि मीच ओढते."