चंद्रीची लीद आणि मी

घरात घोडी असली की किस्से लिदीसारखेच साठतात. आज उचलले तरी उद्या ढीग तयार!

आमची चंद्री लग्नात नवरदेव मिरवते. घर तिच्यावरच चालतं. मध्यंतरी तिला सारखी पोटात कळ यायची. बरी व्हायची, परत लोळायची. माझा जीव नुसता टांगणीला. सासरे, म्हणजे आबा, म्हणाले, "दिष्ट लागलीया." मी म्हटलं, "दवाखान्यात दाखवूया."

"सातवी शिकलेली डॉक्टर आली की आमच्यात!"

*

जनावरांच्या डॉक्टर मॅडमनी तपासायला लीद मागितली. मी ती डब्यात भरून बसनं निघाले. शेजारच्या सीटवरच्या मावशी म्हणाल्या, "पोरीचा डबा काय गं?"

"न्हाय, घोडीचा."

"घोडीलाबी डबा? उघड की, वास तरी घेऊया!"

*

रिपोर्टमध्ये काहीच नाही. आबांनी गल्लीभर सांगितलं, "सूनबाईनं लीद गावात फिरवून आणली!"

मॅडम म्हणाल्या, "फितीसारखा चपटा जंत असतो. त्याची अंडी दरवेळी सापडतातच असं नाही. परत आणा." परत नेली. सापडली! एवढ्या घाण गोष्टीचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

*

मग माझ्या लहान पोरीची काळजी. ती दिवसभर चंद्रीच्या पायात. मॅडम म्हणाल्या, "हा जंत माणसाला होत नाही. लिदीतली अंडी गवतातला बारीक किडा खातो, तो किडा चरताना पोटात गेला की घोड्याला होतो."

तरी दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन केलाच.

मॅडमनी विचारलं, "ताई, तुमची पोरगी गवत खाते काय?"

*

औषध वजनावर असतं. मॅडमनी चंद्रीच्या छातीला टेप लावून वजन काढलं, जिभेवर पेस्ट सोडली. चंद्रीनं ती गालात धरली आणि थुंकली, थेट आबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर!

आबा म्हणाले, "आता माझंबी वजन करा!"

दुसरी ट्यूब मी दिली. गिळेपर्यंत तिचं तोंड वर धरून ठेवलं.

*

तेव्हापासून कुरणातली लीद मी रोज उचलते. चंद्री परत लोळली नाही.

परवा शिरोळचे एक पाहुणे देखणा घोडा घेऊन आले. म्हणाले, "आबा, जरा चरू दे की तुमच्या कुरणात."

आबा फाटकात आडवे उभे राहिले. "पावणं, जनावर भायेरच थांबवा."

"आता आमी परकं झालो व्हय?"

"तुमी या की आत, चहा घ्या. पर घोड्याची लीद पयलं आमच्या सूनबाईला दाखवा!"