मासी कमळो म्हणाल्या

माझ्या मुलीचं बारसंही व्हायचं होतं, तेव्हाची गोष्ट. बाळंतपणाला सासूबाई धुळ्याकडच्या गावाहून सुरतेला आमच्या डिंडोलीच्या घरी आल्या होत्या. अहिराणीशिवाय दुसरी भाषा येत नाही, पण सोसायटीत गप्पा मारायची हौस दांडगी. एका दुपारी माझा डोळा लागला असताना शेजारच्या गुजराती मासी बाळाला बघून गेल्या. मी उठले तर सासूबाई बाळाच्या गालावर काजळाचा भला मोठा ठिपका लावत बसलेल्या.

"नजर लागी जाई ना," त्या कौतुकानं म्हणाल्या. "मासी म्हने, पोर कमय शे. दोनदा म्हनी ती."

मी सुरतेत वाढलेली, गुजराती शाळेत शिकलेली. अहिराणीत 'कमय' म्हणजे कमळ, पण मासी म्हणाल्या असणार 'कमळो'. गुजरातीत कमळो म्हणजे कावीळ. बाळाला गॅलरीत नेऊन डोळे पाहिले, तर पांढरा भाग पिवळा पडलेला.

अर्थ सांगितला तशा सासूबाई लगेच कामाला लागल्या. बाळाचं पिवळं झबलं काढलं. माझ्या जेवणातली हळद बंद केली, कारण आईनं पिवळं खाल्लं की दुधातून बाळाला चढतं. रोज कोवळं ऊन दाखवलं की उतरेल म्हणे. मी चिडून म्हणाले, "तुम्ही उन्हाची वाट बघा, मी निघाले दवाखान्यात." त्याही चपला घालून मागे आल्या.

बऱ्याच बाळांची कावीळ आपोआप उतरते, पण हिची फार वाढली आहे, दिव्याखाली ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. हळदीचा काही संबंध नाही, हेही मी सासूबाईंसमोर मुद्दाम विचारून घेतलं.

निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधलेलं ते एवढंसं पोर बघवत नव्हतं. पाजण्यापुरतंच हातात मिळायचं, आणि तेव्हाही पेंगायचं. मग सासूबाई तिच्या तळव्यांना हळूच गुदगुल्या करायच्या. घरून त्या करून आणायच्या तो डबा मात्र पांढराफटक. पांढरं वरण, पांढरी भाजी. वाद घालायचं त्राण नव्हतं, म्हणून मी गिळत होते.

नव्या रिपोर्टची वाट बघत आम्ही बाकावर जेवायला बसलो, तेव्हा त्यांच्या ताटलीकडे माझं लक्ष गेलं. तीही पांढरी.

"आई, मी पाजते म्हणून माझी हळद बंद. तुम्ही कशाला हे बेचव खाताय?"

त्यांनी मान वर केली नाही. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "दूध ते मन्हाकडे नही, माय. हयद ते सोडता येस."

मला तिथेच रडू फुटलं. इतके दिवस मी एकटीच त्या पोरीची आई असल्यासारखी वागत होते. थोड्या वेळानं नर्स सांगत आली, कावीळ उतरली आहे, आता बाळाला घ्या. मी उठले नाही. म्हटलं, "आई, तुम्ही घ्या आधी."