नोटोरियस सबनीसकाका

"मी या कागदावर सही करणार नाही," सबनीसकाका म्हणाले. "मी नोटोरियस नाही."

काका रिटायर्ड इंजिनिअर, मी त्यांची प्रॉपर्टीची वकील. इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरमध्ये, त्यांच्या शेजारचं घर विकायला निघालं, तेव्हा मोजणी झाली. काकांचं कुंपण शेजाऱ्याच्या हद्दीत आठ फूट आत निघालं. त्या आठ फुटांत काकूंचा अळू, गवार आणि दोडक्याचा मांडव होता.

आमच्या राज्याच्या कायद्यात यावर उपाय आहे. दुसऱ्याची जमीन तीस वर्षं राजरोस वापरली, तर ती तुमची होऊ शकते. मात्र ताबा 'ओपन, नोटोरियस अँड होस्टाइल' होता, असं शपथेवर लिहून द्यावं लागतं. कुंपणाला तेहतीस वर्षं झाली होती. मला केस सोपी वाटली.

"काका, नोटोरियस तुम्ही नाही, ताबा. पूर्वी या शब्दाचा अर्थ 'सगळ्यांना ठाऊक असलेला' एवढाच होता. पुढे तो चोर-लबाडांनाच जास्त लावला गेला आणि बदनाम झाला. कोर्टानं जुना अर्थ सोडला नाही."

"संगत नडली बिचाऱ्याला," काकू म्हणाल्या.

काकांनी पेन उचललं. "आणि होस्टाइल?"

"त्यातही भांडण नाही. मालकाच्या परवानगीशिवाय, एवढंच."

पेन खाली आलं. "परवानगी होती की! कुंपण घालण्याआधी मी शेजारच्या फ्रँकला विचारलं होतं. खांबांचे खड्डे खणायला तोच आला होता."

केस तिथेच संपली. परवानगीनं वापरलेली जमीन कितीही वर्षं वापरा, मालकाचीच राहते. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

"अहो, फ्रँकला जाऊन चार वर्षं झाली," काकू हळूच म्हणाल्या. "आता कोण विचारतंय?"

"शपथेवर लिहायचंय ना?" काका म्हणाले. मी कागद परत फाइलमध्ये ठेवला.

शेजारच्या घराचं क्लोजिंग, म्हणजे विक्रीचा व्यवहार, पुरा व्हायच्या आत काकांनी कुंपण सरकवलं. अळू बादल्यांमध्ये गेला. मांडव मोडताना काकू बाहेर आल्याच नाहीत, असं काकांनी मला फोनवर सांगितलं.

आता अशी केस घेऊन कुणी आलं, की मी आधी विचारते, "शेजाऱ्याशी संबंध कसे होते?"

"एकदम छान!" असं उत्तर आलं, की मी फाइल उघडत नाही.