सावध स्वागत

उत्तरा मेहेंदळे रोज दुपार कलली की नेपरव्हिलच्या आपल्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसायची, कारण त्याच सुमाराला टोकियोत उद्याची सकाळ व्हायची आणि तिथली वर्तमानपत्रं वेबवर येऊ लागायची. शिकागोतल्या एका लहानशा कंपनीसाठी ती काम करत होती. जपानी वर्तमानपत्रं अमेरिकेबद्दल काय म्हणतात त्याचा इंग्रजी सारांश ही कंपनी रोज इथल्या उद्योगांना, अभ्यास करणाऱ्या संस्थांना पाठवायची. सारांशाखाली बारीक अक्षरांत उत्तराचं नाव असायचं. पुण्यात जपानी शिकली, कानाझावात दोन वर्षं राहिली, मग गिरीशशी लग्न करून इलिनॉयच्या बर्फात आली. एवढ्या सगळ्या खटाटोपाचं काहीतरी झालं, असं ते नाव बघून तिला वाटायचं.

अमेरिकेचे अध्यक्ष उत्तर कोरियाच्या हुकूमशहाला हसतमुखानं भेटू लागले, त्या दिवसांत तिचं काम फार वाढलं. बोलणी नकोत, असं ती वाचायची त्यातल्या जवळजवळ कुणीच लिहीत नव्हतं. पण प्रश्न टोचणारे होते. लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं थांबली म्हणून अमेरिका खूश आहे, मग आखूड पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचं काय? ती तर आमच्याच डोक्यावर पडणार. आणि उत्तर कोरियानं आमची जी माणसं उचलून नेली, त्यांच्याबद्दल कुणी बोलणार आहे की नाही?

हा शेवटचा प्रश्न उत्तराला नुसता वाचून सोडता येत नसे. कानाझावात तिची घरमालकीण मात्सुई-सान तिला अंधार पडल्यावर समुद्रावर जाऊ द्यायची नाही. "त्या किनाऱ्यावरून माणसं नाहीशी होतात," एवढंच म्हणायची आणि दार ओढून घ्यायची. विशीतल्या उत्तराला तेव्हा ती म्हातारी भित्री वाटली होती. उत्तर कोरियाचे हेर त्या किनाऱ्यावरून माणसं होडीत घालून पळवत होते, हे जगाला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं.

एके दिवशी त्याच किनाऱ्यावरच्या एका छोट्या वर्तमानपत्राचा अग्रलेख तिच्यापुढे आला. नोमुरा नावाच्या संपादकानं लिहिलेला. त्यातलं एक वाक्य तिनं तीनदा वाचलं: 'शत्रूशी हात मिळवताना मित्राच्या खांद्यावर पाय देऊ नये.' तिनं ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सारांश आला. वर मोठा मथळा होता, 'जपानी वृत्तपत्रांकडून बोलण्यांचं सावध स्वागत.' खांदा आणि पाय दोन्ही गायब. खाली उत्तरा मेहेंदळे.

तिनं कंपनीच्या मालकाला, डगला, फोन लावला.

"उत्तरा, तुझं भाषांतर सुंदर होतं," डग म्हणाला. तो कधीच आवाज चढवायचा नाही. "पण वाचणाऱ्यांना रोज तीच कुरकुर नको असते. मी फक्त थोडं बॅलन्स केलं."

"त्यांनी स्वागत केलेलंच नाही, डग."

"सावध म्हटलंय ना आपण!"

आणि तो हसला. त्या मऊ हसण्यानं उत्तराच्या अंगावर पाल चढल्यासारखं झालं. रात्री जेवताना तिनं गिरीशला सांगितलं.

"अगं, पॉलिटिक्स आहे ते," पोळीचा तुकडा मोडत तो म्हणाला. "सगळीकडे असंच चालतं. तू कशाला इतकं मनाला लावून घेतेस?"

"मनाला नाही रे. किळस येते. कुणीतरी माझ्या तोंडात उष्टा घास कोंबावा तसं वाटतं."

तरी तिनं काम सोडलं नाही. ती खरं लिहून पाठवायची आणि डग ते धुऊन, पुसून, अत्तर लावून पुढे धाडायचा.

हिवाळ्यात शिकागोच्या एका संस्थेनं परिसंवाद ठेवला आणि जपानहून नोमुरांनाच बोलावलं. दुभाषी म्हणून उत्तराला विचारलं. ती आनंदानं गेली. नोमुरा साठीचे, सडपातळ, स्वेटरच्या बाह्या विरलेल्या. तिनं कानाझावाचं नाव काढताच त्यांचा चेहरा उजळला.

अध्यक्षस्थानी एक निवृत्त राजदूत होते. त्यांनी खिशातून डगच्या सारांशाचा घडी केलेला कागद काढला. "आमच्या पाहुण्यांच्याच वर्तमानपत्रानं या बोलण्यांचं सावध स्वागत केलं होतं," त्यांनी वाचून दाखवलं, आणि श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या.

उत्तरानं ते वाक्य नोमुरांना जपानीत सांगितलं. नोमुरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग माइककडे वळून शांतपणे म्हणाले, "मी असं लिहिलेलं नाही."

दुभाष्यानं बोलणाऱ्याच्याच शब्दांत बोलायचं असतं. उत्तरा इंग्रजीत म्हणाली, "मी असं लिहिलेलं नाही." आणि तिथे थांबायचं सोडून ती पुढे बोलली, "आता मी माझं बोलते. त्या कागदाखाली माझं नाव आहे. मीही असं लिहिलेलं नाही. मूळ वाक्य वेगळं होतं." आणि तिनं ते मूळ वाक्य सभागृहाला ऐकवलं.

राजदूतांनी कागदाची घडी पुन्हा खिशात घातली, "इंटरेस्टिंग," असं म्हणाले आणि पुढचा प्रश्न घेतला.

कार्यक्रम संपल्यावर नोमुरा लॉबीत भेटले. हे आता आपले आभार मानतील, असं उत्तराला वाटलं होतं.

"मेहेंदळे-सान, तुम्ही प्रामाणिक आहात," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पण ते आज बोलायला नको होतं. या मंडळींच्या ओळखीनं मला वॉशिंग्टनमध्ये दोन मुलाखती मिळणार होत्या. आता माझ्या ऑफिसला काय सांगू?"

"पण तुमचंच वाक्य होतं ते!"

नोमुरांनी खाली पाहिलं. "त्या वाक्यानंतर आणखी एक परिच्छेद होता. आमचं सरकार हे सगळं पाहून गप्प का, असा. तो छापायच्या आधीच काढला. मीच काढला. वरून फोन आला होता." त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि लिफ्टकडे निघून गेले.

उत्तरा तिथेच उभी राहिली. तिला डगचा राग यायचा तोवर बरं होतं. एक गलिच्छ माणूस आणि बाकीचं जग स्वच्छ, अशी सोय तरी होती. आता किळस कुठे ठेवायची तेच कळेना. पळवून नेलेल्यांचे आई-बाप वर्षानुवर्षं किनाऱ्याकडे डोळे लावून बसलेत, आणि इकडे प्रत्येक जण त्यांच्या दुःखातली एकेक ओळ खुडून आपापली खुर्ची सांभाळतोय.

गिरीश तिला न्यायला आला होता; गाडीत बसताच तिनं त्याला सगळं सांगितलं. भर थंडीत तिनं काच खाली केली, तेव्हा त्यानं नुसता हीटर वाढवला. घर जवळ आल्यावर म्हणाला, "सोडतेस ना?"

"हो."

सकाळी तिनं डगला कळवलं. त्याला फार वाईट वाटलं म्हणे. मग त्यानं विचारलं, "लोकांना सवय झालीय, तर तुझं नाव काही महिने खाली राहू दिलं तर चालेल?"

उत्तराला हसूच फुटलं. "नाही चालणार," ती म्हणाली. तरीही नाव दोन आठवडे तसंच राहिलं. ती रोज सकाळी फोन करायची, डग रोज गोड बोलून माफी मागायचा. शेवटी गिरीशच्या ओळखीच्या वकिलानं दोन ओळी लिहिल्या, तेव्हा कुठे ते गेलं. सारांश अजून निघतो. आता म्हणे सॉफ्टवेअरच करतं, आणि तक्रार करत नाही.

शिकागोच्या वायव्येकडच्या उपनगरांत जपानी कंपन्यांत काम करणारी बरीच कुटुंबं आहेत. उत्तरा आता तिथल्या एका हॉस्पिटलात दुभाषी म्हणून जाते. पहिल्याच आठवड्यात एका जपानी बाईला गाठीचा रिपोर्ट सांगायचा होता. त्या बाईच्या नवऱ्यानं उत्तराला दाराबाहेर गाठलं आणि विनवलं, "जरा सौम्य करून सांगा ना."

उत्तरानं त्याचा हात हलकेच बाजूला केला. आत गेली, बाईच्या शेजारी खुर्ची ओढून बसली, आणि डॉक्टर जे म्हणाले ते सगळं सांगितलं. बाई बराच वेळ रडली. मग तिनं पहिला प्रश्न विचारला, आणि उत्तरानं तो तसाच डॉक्टरांपुढे ठेवला.