पेंटरने काढलेला बाण

पेंटरचं अक्षर सरळ आणि चाल वाकडी, असं त्याची गिऱ्हाइकंच म्हणायची. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. रेघ अशी ओढायचा की पट्टीने लाजावं. पण दुपारी तीननंतर त्याला काम सांगणारा माणूस एक तर परगावचा असायचा, नाहीतर अतिशहाणा. तीननंतर ब्रश कुठला आणि बाटली कुठली, याचा भरवसा नसे.

गेल्या महिन्यात तो शिडीवरून पडला. दोन दात गेले, रंगाचा डबा गेला आणि बायकोचा उरलासुरला धीरही गेला. घरी लोकांचे कपडे इस्त्री करून आजवर संसार तिनेच रेटला होता. ती ओरडली नाही, हेच वाईट. इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली, "शाळेच्या मागे दारू सोडणाऱ्यांची सभा भरते. दर गुरुवारी, सात वाजता. गेलात तर हे घर तुमचं. नाही गेलात तर ब्रश आणि डबे घेऊन निघा. आणि माझ्या भावासारखं करू नका."

भावाचं काय, तर तोही याच वाटेवरचा. दोन वर्षांपूर्वी दाढीबिढी करून, धुतलेला शर्ट घालून तो त्या सभेला निघाला आणि तासाभरात परत आला. म्हणाला, "ताई, तिथे सभा नाही न काही नाही. गोदाम आहे. कुलूप आहे." तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसला होता तो हाच पेंटर. "जायचंच नव्हतं तर तसं सांग की रे, कुलूप कशाला घालतोस?" बहिणीला हसू आलं नाही. तोंडावर खोटं बोलला म्हणून तिने भावाशी बोलणंच टाकलं. दोन गल्ल्या पलीकडे राहतो, पण रस्त्यात दिसला तर ही मान फिरवते.

गुरुवारी पेंटर मुकाट निघाला. शाळेच्या कोपऱ्यावर रस्त्याला दोन फाटे फुटतात. तिथे भिंतीवर पाटी होती. 'दारू सोडायची आहे? दर गुरुवारी सायंकाळी सात. यावे.' खाली ठसठशीत बाण. पेंटर बघतच राहिला. अक्षर त्याचंच! दोन वर्षं ऊन खाऊन रंग तसूभरही उडाला नव्हता. गडी खूश झाला. रंगवली कधी ते मात्र काही केल्या आठवेना, म्हणजे काम तीननंतरचं असणार. बाण डावीकडे होता, पेंटर डावीकडे वळला.

गल्लीच्या टोकाला गोदाम होतं. शटरला कुलूप, कुलपाला गंज.

खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. सुटलो एकदाचा. घरी काय सांगायचं ते घोकतच तो माघारी फिरला. 'अगं, गेलो होतो की. पण तिथे गोदाम आहे. कुलूप आहे.' दहा पावलं गेला असेल नसेल, तो जागीच थांबला. हे शब्द मेव्हण्याचे होते.

तो पाटीपाशी आला आणि उजवीकडे गेला. चाळीस पावलांवर शाळेचं मागचं फाटक. एका वर्गात दिवा होता, आणि पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून दहा-बारा मोठी माणसं बसली होती. एका म्हाताऱ्या, निवृत्त बसड्रायव्हरने त्याच्या हातात चहा दिला आणि सांगितलं, "बोलावंसं वाटलं तर बोला, नाहीतर ऐका." पेंटरला लोकांचं काही ऐकूच येईना. शेवटी तो उभा राहिला. "बाहेरचा बाण मी काढलाय. पिऊन काढलाय. उलटा काढलाय."

"तरीच," ड्रायव्हर म्हणाला, "दोन वर्षांत नवा माणूस येईना. आम्हाला वाटलं, लोक सुधारले!"

सगळे खो खो हसले. जुन्यांना वाट पाठ, ते कशाला पाटी बघतात? आणि बाण बघून जे आले ते कुलपापाशी गेले. तक्रार करायला तरी सभा सापडायला हवी ना! पेंटरला हसवेना. असे किती जण परत गेले असतील, हेच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

घरी नुसतं 'जाऊन आलो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. घर राहिलं असतं. पण त्याने बायकोसमोर बसून सगळं सांगितलं. पाटी, बाण, गोदाम, कुलूप. आणि त्या दिवशी आपण किती हसलो होतो, तेही.

तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"डबे भरू का?" पेंटरने विचारलं.

"तुम्ही पिऊन चुकलात," ती म्हणाली. "मी तर शुद्धीत होते."

तिने बटण बंद केलं, पायात चपला सरकवल्या आणि बाहेर पडली. पेंटर मागोमाग गेला. दोन गल्ल्या पार करायला किती वेळ लागतो? पाच मिनिटंसुद्धा नाही. भावाने दार उघडलं तसा वास आला. ती उंबऱ्यातच म्हणाली, "तू खरं सांगत होतास रे."

तो दार धरून उभा राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी सकाळपासून थेंब घेतला नव्हता, ताई."

पुढच्या गुरुवारी पेंटरने भर दुपारी बारा वाजता बाण पुसून उजवीकडे काढला. संध्याकाळी मेव्हण्याला घेऊन तो त्याच पाटीखाली आला. मेव्हण्याने बाणाकडे बघितलं, मग डावीकडच्या गल्लीकडे बघितलं.

"बाण राहू द्या, दाजी," तो म्हणाला. "तुम्ही पुढे व्हा."

पेंटर पुढे झाला.