चंद्राकाकूंची सोबत

भिंतीला पडलेल्या भगदाडापाशी त्या रोज सकाळी उभ्या असायच्या. हातात कापडी पिशवी, अंगावर फिकट झालेलं सुती लुगडं, आणि चेहऱ्यावर कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा निवांत भाव. मुलुंड पूर्वेला आमच्या चाळीमागून रेल्वेचे रूळ जात. लोकांनी रूळ ओलांडू नयेत म्हणून तिथे भिंत बांधली होती, आणि पश्चिमेला लवकर पोचता यावं म्हणून लोकांनीच ती एका जागी फोडली होती. पूल होता, पण स्टेशनाच्या टोकाला. तिथपर्यंत चालत जायचं, जिने चढायचे, पुन्हा उतरायचे, एवढा वेळ कुणाकडे असतो? भगदाडातून वाकलं की समोर रूळ, आणि रुळांपलीकडे बाजार, शाळा, कारखाने, सगळं जग.

मी लग्न होऊन त्या चाळीत आले ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं. पश्चिमेला टेलिफोनच्या ऑफिसात मला नोकरी होती. पहिल्याच सकाळी सासरच्यांनी सांगितलेल्या वाटेने निघाले आणि भगदाडातून वाकणार, तेवढ्यात बाजूने आवाज आला.

"पुलावरसून येतंस काय गो? एकटीक कंटाळो येता."

नवी सून मी. वडीलधाऱ्या बाईला नाही कसं म्हणणार? गेले त्यांच्याबरोबर. त्या हळू चालत आणि सतत बोलत. मालवण सोडून त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, पण बोलणं निम्मं तिथलं आणि निम्मं मुंबईचं. पुलाच्या मध्यावर आल्यावर त्या थांबल्या. पूर्वेला मिठागरं पसरली होती. सकाळच्या धुरकट उजेडात मिठाचे ढीग पांढरे, तरंगत असल्यासारखे दिसत होते, आणि मधल्या पाण्यात बगळे आपल्याच सावल्यांवर उभे होते. पश्चिमेला डोंगर निळे, अर्धे पुसलेले.

"बघ," त्या म्हणाल्या. "खाली कोणाक ह्या दिसता?"

मी ऑफिसात उशिरा पोचले. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. "तुलाही पकडलं का काकूंनी? त्या कुणाला ना कुणाला रोज पुलावर नेतात. बहुतेक लोक हळूच टाळतात त्यांना."

मला वाटलं, एकटी बाई आहे, मूलबाळ नाही, बोलायला माणूस हवं असेल. काका पूर्वी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर एका छोट्या कारखान्यात वॉचमन झाले होते. काकू पश्चिमेला एका पाळणाघरात मुलं सांभाळायच्या. कामाच्या वेळेच्या खूप आधी त्या घर सोडायच्या, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं होतं.

खरी गोष्ट मला त्यांनीच सांगितली, पुलावरच, पुढे कधीतरी. सुमती त्यांची धाकटी जाऊ. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. दोघी रोज बरोबर निघायच्या, सासूच्या, दिराच्या, गावच्या गोष्टी करत पुलावरून जायच्या. एके दिवशी काकूंना ताप भरला आणि सुमती एकटीच निघाली, ती गाडीखाली सापडली.

"एकटी होती म्हणान लायनीतसून गेली," काकू म्हणाल्या. "माणूस एकटा असला की मनातल्या मनात धावता. दोघां असली की पाय आपोआप हळू होतत. मी बरोबर असतंय तर बोलता बोलता पुलार गेलो असतो आमी."

त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं. कितीतरी वेळा स्वतःशी म्हणून झालेलं वाक्य असावं, तसं ते आलं.

सुमतीच्या वेळी खूप गडबड झाली म्हणे. माणसं रुळांवर बसली, पुढाऱ्यांची भाषणं झाली, ती भिंत तेव्हाच बांधली गेली. आणि पावसाळा संपायच्या आत ज्यांनी घोषणा दिल्या त्यांतल्याच काहींनी पहारीने तिचे दगड काढले. कुणी म्हणालं, जागा वाईट आहे, मान मागते. मग भगदाडापाशी नारळ फुटले, लिंबं ठेवली गेली. काकूंनी कुणाला अडवलं नाही, पण त्या म्हणायच्या, "जाग्याक कित्याक दोष? जागो काय धावता?" आणि त्यांनी आपलं काम सुरू केलं. काम म्हणजे काय, तर उभं राहायचं आणि सोबत मागायची. 'लायनीतून जाऊ नका' असं त्यांनी कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही. "माझे पाय दुखतत, जिन्यार हात दी," म्हणायच्या. "येतोस काय रे, तुझ्या आत्याच्या लग्नाचा सांग," म्हणायच्या. त्या पुलावर मी किती लग्नं ऐकली, किती बाळंतपणं, किती भांडणं. कधी कधी वाटायचं, आपण ऑफिसला चाललोच नाही, कुठल्यातरी गावाला चाललो आहोत आणि वाटेत हे पांढरं पाणी लागलं आहे.

आमच्या खालच्या खोलीत विलास राहायचा. आई आणि तो, दोघंच. वडील लहानपणीच गेले होते. छापखान्यात तो नुकताच कायम झाला होता. उंच, हसरा, केसांना पाणी लावून भांग पाडणारा. काकू त्याला रोज हाक मारायच्या आणि तो रोज तेच उत्तर द्यायचा.

त्या सकाळी मी काकूंच्या शेजारीच उभी होते. थंडीचे दिवस, रुळांवर धुकं.

"येतोस काय रे विलास?"

"उद्या नक्की, काकू," तो म्हणाला आणि वाकून पलीकडे गेला.

आम्ही पुलाच्या मध्यावर असताना हॉर्न वाजला. लांब, न थांबणारा. विलास भिंतीपलीकडे बराच वेळ थांबून एकामागून एक गाड्या जाऊ देत होता. शेवटच्या गाडीच्या आवाजात दुसऱ्या बाजूने येणारी त्याला ऐकू आली नाही. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा काकूंनी फक्त कठडा धरला आणि माझं तोंड आपल्याकडे वळवलं. "बघू नको," म्हणाल्या.

आम्ही परत आलो तोवर चाळ रस्त्यावर उतरली होती. माणसं रुळांवर बसली. कुणी म्हणत होतं, पोराने घाई केली. कुणी म्हणत होतं, एवढी माणसं मेली तरी इथे दुसरा पूल का होत नाही? एक म्हातारा सांगत होता की दर वर्षाला जागेला एक तरणा जीव लागतो, कोंबडा द्यायला हवा. पोरांनी हातात खडी घेतली होती. गाडी पुढे थांबली होती आणि तिच्या मोटरमनला खाली ओढायचं असं त्यांचं चाललं होतं. काकू त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"तो गाडीवालो विलासक वळखत नव्हतो," त्या म्हणाल्या. "आता जल्मभर इसरूचो नाय. आणखी काय मारतलात तेका?"

पोरं पुढे गेली नाहीत. हातातली खडी हळूहळू जिथल्या तिथे पडली.

विलासचे दिवस झाले आणि त्यानंतरच्या एका दुपारी त्याची आई काकूंच्या दारात आली. गॅलरीत आम्ही बायका तांदूळ निवडत बसलो होतो. तिने सगळ्यांसमोर म्हटलं, "बाहेर पडणाऱ्या माणसाला टोकू नये, एवढं कळत नाही तुला? रोज तिथे उभी राहून मरणाची आठवण करून देतेस. माझ्या पोराला तूच टोकलंस."

काकू उठून आत गेल्या. दार लावलं नाही, पण त्या बाहेरही आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून भगदाडापाशी कुणी नव्हतं. काकूंनी पाळणाघराचं काम सोडलं. मागच्या खिडकीशी बसून राहायच्या. त्या खिडकीतून रूळ दिसत. चाळीत कुजबुज सुरू झाली की विलासची आई म्हणते त्यात तथ्य आहे, ती बाई उभी राहते तिथे काहीतरी होतंच. ज्या बायका त्यांच्याबरोबर हसत पुलावर जायच्या, त्याच आता त्यांच्या दारावरून जाताना पदर सावरून घाईने पुढे सरकत. आणि एकेक करत पुन्हा भिंतीकडे वळल्या. एकटीने तो पूल फार लांब वाटायचा.

मी संध्याकाळी काकूंकडे जाऊन बसायची. त्या फारसं बोलत नसत. एकदा मी म्हटलं, "तुमचा काय दोष, काकू?"

"दोष नाय म्हणान झोप लागता काय?" त्या म्हणाल्या.

बरेच दिवस असेच गेले. मग एका रविवारी सकाळी मी नळावरून पाणी घेऊन येत होते, तर विलासची आई भगदाडासमोर उभी दिसली. पश्चिमेला डॉक्टरकडे जायचं असावं, हातात रिकामी बाटली होती. समोरून मालगाडी चालली होती, डब्यामागून डबा. गाडी संपली, रूळ मोकळे झाले, तरी ती हलेना. दुसरी गाडी आली, गेली. ती तशीच.

काकूंनी खिडकीतून पाहिलं असणार. त्या अनवाणीच बाहेर आल्या आणि तिच्या बाजूला, थोडं अंतर ठेवून, उभ्या राहिल्या. हाक मारली नाही. मी हंडा खाली ठेवला.

शेवटी तीच म्हणाली, "मला पलीकडे जायचंय. जमत नाही."

"चल," काकू म्हणाल्या.

मी त्यांच्या मागे मागे गेले. कुणी बोलवलं नव्हतं, पण पाय थांबले नाहीत. पुलाच्या मध्यावर आल्यावर विलासची आई कठड्याला टेकली. खाली मिठागरांवर ऊन पडायला लागलं होतं. तिकडे बघतच तिने विचारलं, "त्या दिवशी तू त्याचा हात का नाही धरलास?"

मला वाटलं, आता काकू कोसळतील. पण त्या तिच्याकडे वळून म्हणाल्या, "धरूक होयो होतो. रोज ह्योच इचार करतंय."

मग विलासची आई रडली. विलास गेल्यापासून ती रडली नव्हती, असं चाळीत सगळे म्हणत. ती पुलावर बसली, काकू तिच्याशेजारी बसल्या, आणि ये-जा करणारी माणसं त्यांना वळसा घालून जात राहिली. खालून गाड्या जात होत्या, पूल किंचित थरथरत होता, आणि त्या दोघी मिठाच्या ढिगांकडे बघत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी भगदाडापाशी दोघी होत्या. काकू नेहमीसारखी सोबत मागायच्या. विलासची आई मागायची नाही, सरळ मनगट धरायची. तरणा मुलगा दिसला की धरायचीच. "चल, पुलावरून," एवढंच म्हणायची. तिचा हात झटकायची कुणाची छाती झाली नाही. ऑफिसला उशीर होतो म्हणून कुरकुरणारे पुरुषही मुकाट्याने चालायला लागत. हळूहळू सकाळी पुलावर आमच्या चाळीचा एक तांडाच दिसायला लागला. शाळेच्या मुली, भाजीला निघालेल्या बायका, डबे घेतलेले बापे. सगळेच आले असं नाही. भगदाड राहिलं, लायनीवर माणसं मरायची थांबली असंही नाही. पण आमच्या चाळीतून नंतर कुणी गेलं नाही, निदान मी तिथे होते तोवर.

काकांची नोकरी संपली तेव्हा ती दोघं गावी गेली. मी पुढे एकदा मुलीला घेऊन त्यांना भेटायला गेले. दशक संपत आलं होतं. गावात एकच विषय होता, कोकणात रेल्वे येणार. माणसं शेतांतून मोजमापं घेत, खुंट्या ठोकत फिरत होती. गाव खुशीत होता. काकूही होत्या. "पोरीबाळी माहेराक येतीत," म्हणाल्या.

संध्याकाळी त्या मला बांधावरून घेऊन गेल्या. भात पोटरीला आलं होतं आणि वाऱ्याने सगळं शेत एकदमच श्वास घेतल्यासारखं हलत होतं. खुंटी ठोकणारा एक तरुण साहित्य आवरत होता. काकूंनी त्याला विचारलं, "पूल खंय बांधतलात?"

तो हसला. "काकी, अजून रूळ कुठे आहेत?"

"म्हणानच आता इचारतंय. रूळ पडल्यार कोण ऐकता?"

तो हसायचा थांबला. "मी नुसत्या खुंट्या ठोकतो, काकी," म्हणाला, "पण साहेबांना सांगेन."

तो गेल्यावर काकू बांधावरून आणखी पुढे चालत गेल्या, जिथे जमीन जरा उंच होती तिथे थांबल्या, आणि मला हाताने खुणावलं. तिथून माडांच्या फटीतून खाडी दिसत होती. उन्हं उतरल्याने पाणी सोनेरी झालं होतं आणि त्यावर एकच होडी होती, हलत होती की नाही ते कळत नव्हतं.

"पूल हयसर होयो," त्या म्हणाल्या. "वर चढल्यार कायतरी दिसूक होया ना गो. नायतर कोण चढतला?"

आम्ही बराच वेळ तिथे उभ्या होतो. माझी मुलगी बांधावर चतुर पकडायला धावत होती आणि काकू तिला ओरडत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या.

पुढच्याच पावसाळ्यात त्या गेल्या. काकांनी कुणाबरोबर तरी निरोप पाठवला. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. तेव्हा त्या शेतात अजून भातच पिकत होतं.