लाल पोटाचा मासा

माझा स्वभाव मूळचाच संशयी. दूध उतू गेलं तर चुलीत लाकूड जास्त झालं होतं का, हे मी नंतर बघायची. आधी दारावरून कोण गेलं ते आठवायची. सासू म्हणायची, "हिला देवानं डोळे पुढं दिले, पर ही पाठीनंच पाहून राहते." मला त्याचा राग यायचा नाही. उलट वाटायचं, घरात एक तरी माणूस सावध पाहिजे.

आम्ही सुतार. गाव साखऱ्याच्या बाजूला, नदीकाठी. नांगर, तिफण, गाडीची चाकं हे नवऱ्याचं काम आणि रंग माझा. माझे वडील वसमतला पाळणे आणि चौरंग रंगवायचे. त्यांच्याजवळ बसून मी तेल कढवायला आणि कुंचला धरायला शिकले. अक्षरं मात्र फार उशिरा, नातवंडांच्या पाटीवर आली. तेव्हा लिहिण्यात काही वाकडंतिकडं असेल तर ते रंगवणारीचं समजावं.

लढाईची वर्षं होती. हिंगोलीला बदलून आलेल्या एका इंजिनियर साहेबांना मरळ मासा धरायचा फार नाद. पण गळाला गांडूळ लावून नाही. लाकडाचा रंगवलेला मासा दोरीला बांधायचा आणि पाण्यात ओढत आणायचा. मरळ त्याला खरा समजून तोंडात घेते आणि पोटाखालच्या गळात अडकते. असले मासे विलायतेतून यायचे, ते लढाईमुळं यायचे थांबले. साहेबांनी आपला एक चावून चावून खिळखिळा झालेला मासा शिपायाबरोबर नवऱ्याकडं पाठवला. तसलेच सहा करून द्या, म्हणाले. आमच्या गावचे मासे धरणारे भोई ते ऐकून पोट धरून हसले.

"लाकडाला मरळ लागली, तर आमी मिशा काढू," त्यांच्यातला एक म्हणाला.

नवऱ्यानं पांगाऱ्याचं लाकूड घेतलं. पांगारा हलका, पण पाणी फार पितो. म्हणून खरं काम कोरण्यात नव्हतं, लाकडाचं तोंड बंद करण्यात होतं. मासा कोरून, फुटक्या काचेनं गुळगुळीत करून झाला की मी त्याला कढत जवसाचं तेल पाजायची. पोटात शिशाची गोळी बसवलेली असायची, तिच्यावर लाख आणि भुसा कालवून भरायचा. मग पांढऱ्याचा हात, तेवढा नवरा देऊन ठेवायचा. तो वाळला की पाठीला काळपट हिरवा, पोटाला पिवळा. खवल्यांसाठी जाळीचा तुकडा अंगावर ताणून वरून बोळ्यानं रंग टिपायचा. जाळी उचलली की खवले उमटलेले. ते पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटीच हसले होते. सगळ्यावर राळ आणि जवसाच्या तेलाचं रोगण, तीन हात. शेवटच्या हाताआधी नवरा गळासाठी तारेच्या कड्या पिळून बसवायचा, आणि कडीच्या प्रत्येक भोकात मी लाखेचा गरम थेंब सोडायची. तो थेंब राहिला तर आधीची सगळी मेहनत पाण्यात.

रंगात डोळे मात्र अगदी शेवटी. हे वडिलांचं शिकवणं. पाळण्यावरचा मोर असो नाहीतर लाकडाचा नंदी, डोळे काढताना दार लावून घ्यायचं. डोळा उघडताना समोर जो असेल त्याचं काहीतरी त्या वस्तूत उतरतं, असं ते म्हणायचे. मी ते अगदी खरं मानत होते.

आता आमच्या शेजारणीचं सांगते. ती गावची सुईण. विधवा, मूलबाळ नाही, शेतीचा तुकडा नाही. माझी दोन्ही लेकरं तिच्याच हातावर झाली. बाळंतीण उठली की पायलीभर जोंधळे आणि वर्षाकाठी चार घरांतून एखादं लुगडं, यावर ती जगायची. तिला बोलावणं बंद झालं असतं तर या गावात तिला उभं राहायला जागा नव्हती. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मी आज म्हणू शकत नाही.

त्या दिवशी मी सहाव्या माशाचे डोळे काढत होते. उकाडा फार, म्हणून दार पुरतं लावलं नव्हतं. काजळात बुडवलेली काडी मी टेकवली आणि दारातून आवाज आला.

"पाहून राहिला गं हा माझ्याकडं!"

मावशी उभी होती. सुईणीला मी मावशी म्हणायची. ती विस्तव मागायला आली होती, आणि तोंडभर हसत होती. मी काडी मागं घेतली.

"मावशी, डोळे काढताना येऊ नये," मी म्हणाले.

"अगं, मी लेकरांचे डोळे उघडताना पाहते, हे तर लाकूड हाये," ती म्हणाली आणि उंबऱ्यावर बसलीच. तिचं बसणं लांबलं. ती उठेपर्यंत माझं लक्ष तिच्या हातांवर. ती काही उचलते का, काही टाकते का. शेवटी विस्तव घेऊन गेली तेव्हा मी सुटल्यासारखी झाले, रोगणाचा शेवटचा हात दिला आणि मासे वाळायला आढ्याला टांगले.

मासे खडखडीत वाळल्यावर बैलांच्या पाण्याच्या दगडी डोणीत सोडून पाहायचे ठरलं होतं. सकाळी सोडले. दुपारी पाहते तर पाच जसेच्या तसे, आणि सहावा एका अंगावर कललेला. मी तो उचलला. मागच्या कडीभोवती त्याचं पिवळं पोट लालभडक झालं होतं आणि तो लाल रंग वर चढत होता. कुंकवाचा लाल. लाकडाचा मासा, अंगात लोखंडी गळ, आणि वर हे. आमच्याकडं भानामती हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही, पण तो सगळ्यांच्या घरात असतो. मी मासा पदरात गुंडाळला.

नवऱ्याला दाखवलं. तो पोटावरचा लाल नखानं खरवडून म्हणाला, "असंल काहीतरी. वाळवून अजून एक हात दे रोगणाचा. शिपाई उद्या येऊन राहिला."

त्याला काहीच नवल का वाटलं नाही, याचाही मला संशय आला. पण तो माझा संशय लगेच मावशीकडं वळला. तिथं जाण्याची वाट त्याला पाठच होती.

मासे दुसऱ्या दिवशी हिंगोलीला गेले. सहावाही गेला. घरातून गेला की बरं, असं मला झालं होतं. पण तोंडातून गोष्ट गेली नाही. नदीवर धुणं धुताना मी बायकांना लाल पोटाचं सांगितलं. मी कुणाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "डोळे काढताना दारात कोण होतं, ते मला ठाऊक हाये." गावात माझा शेजार कुणाचा, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

चार दिवसांनी पाटलाच्या सुनेला कळा सुरू झाल्या आणि गाडी दुसऱ्या गावची सुईण आणायला गेली. मावशी आपल्या दारात लुगडं नीट नेसून बसली होती. गाडी तिच्यासमोरून गेली. ती सबंध दिवस तशीच बसून होती. मी माझ्या खिडकीतून बघत होते आणि मनाशी म्हणत होते, बघ, निर्दोष असती तर उठून विचारायला गेली नसती का?

आठव्या दिवशी साहेबांचा शिपाई परत आला. तो जोत्यावर बसून एकदम खूश.

"साहेब लई खूश हायेत. बाकीच्यांना एक मरळ लागली न्हाई. लाल पोटाच्या त्या एकाला तीन लागल्या! तसलेच सहा पाहिजेत. तो लाल रंग कशाचा केला, इचारलंय."

नवरा माझ्याकडं बघेना. मग डोकं खाजवत म्हणाला, "खरं सांगू का? सफेद्याची पुडी हिंगोलीहून येताना नदीत भिजली. समदी वाहून गेली. हिला सांगितलं असतं तर हिनं मला खाल्लं असतं. म्हणून पांढऱ्याचा हात म्या चुन्याचा दिला."

मी हळदीच्या डब्याकडं पाहिलं.

कारण मीही एक लपवलं होतं. साहेबांच्या पैशातून आणलेली पेवडी, म्हणजे पिवळा रंग, मी भावाच्या लग्नाच्या पाटांना लावून संपवली होती. माशांच्या पोटाचा पिवळा मी हळदीचा केला होता, रोगणात घोटून. तो पहिल्या दिवशीच जरा तांबूस वाटला होता, पण मी ते राळेवर ढकललं. खाली चुना, वर हळद. मधे पाणी शिरलं की काय होतं, हे आमच्याकडं पाच वर्षांच्या पोरीलाही माहीत असतं. आणि पाणी शिरलं कुठून? मागच्या कडीच्या भोकातून. मावशी उंबऱ्यावर बसलेली असताना मी तिच्या हातांवर पाळत ठेवून होते, आणि त्या भोकात लाख सोडायची राहिली होती. मला माझी इतकी शरम कधीच वाटली नव्हती. नवऱ्याचा राग आला, पण तो कोणत्या तोंडानं काढणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदीवर गेले. सगळ्या बायका होत्या. मी तळहातावर हळद घेतली, चुना घेतला, पाण्याचा थेंब टाकून चोळला आणि लाल झालेला हात सगळ्यांना दाखवला. पेवडीचं सांगितलं, सफेद्याचं सांगितलं, राहिलेल्या लाखेचं सांगितलं. चूक माझी, मावशीचा काही संबंध नाही, असं म्हणताना मला रडू आलं.

बायकांनी धुणं आपटणं सोडलं नाही. मग एक वयस्कर बाई म्हणाली, "हळद-चुन्याचं आमाला शिकवून राहिली का? मुरगळल्यावर जल्मभर तेच लावतो. पर आठ दिस न्हाई बोललीस. आजच काहून?"

"मला कालच कळलं."

"काल दिवेलागणीला म्हातारी हिच्या दारावरून गेली," दुसरी म्हणाली. "म्या पाहिली."

"बांधलं बाई, करणीनं हिचं बी तोंड बांधलं तिनं," तिसरी पुटपुटली, आणि माझ्या शेजारची बाई आपलं धुणं घेऊन पलीकडच्या दगडावर गेली.

दारावरून कोण गेलं. ही तर माझीच रीत होती. मी लाल हात पाण्यात बुडवला.

त्यानंतर कुणी मावशीकडं विस्तवही मागितला नाही आणि तिला दिलाही नाही. पंधरा दिवसांत ती वसमतकडं भाचीच्या गावी निघाली. गाडी दारात आली तेव्हा गल्लीतली सगळी दारं लोटलेली होती. मी बाहेर आले.

"मावशी, मी सांगितलं सगळ्यांना. कुणी ऐकलं न्हाई."

"ऐकलं म्या तू सांगितलेलं," ती म्हणाली. "आधी निस्ता वहीम व्हता, पोरी. पावसाळ्यापर्यंत इसरले असते. तू माझ्या बाजूनं बोललीस आन पक्कं झालं."

"तुमाला कळलं नव्हतं का, लाल कशानं झालं ते?"

"लाल झालं ऐकलं तवाच कळलं. बाळंतिणीच्या अंगाला हळद लावण्यात माझी हयात गेली."

"मग बोलल्या काहून न्हाई?"

"म्या बोलले असते, तर तू ऐकलं असतंस?"

तिचं एकच बोचकं होतं. ते मी उचलून गाडीत ठेवलं. तिनं मला अडवलं नाही. पण गाडीत बसल्यावर माझे हात जिथं लागले होते तिथं तिनं पदराच्या टोकानं दोन्ही बाजूंनी बोचकं पुसून घेतलं, आणि मग गाडीवानाला म्हणाली, "चल बाबा."